शहर दहा वेळा पाहिलं, पण खरंच पाहिलं का? खासगी गाईडसोबतची पायी भटकंती म्हणजे नेमकं काय असतं?

बीड-धाराशिव रस्त्यावरचं चौसाळा. इथल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जाऊन आलेलं असतं. कोणी घाटी दवाखान्यात पेशंट घेऊन गेलेलं असतं, कोणी खंडपीठात तारखेला, कोणी विद्यापीठात मार्कशीट आणायला. सकाळी निघायचं, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत दीडशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करायचा, काम उरकायचं आणि रात्री घरी परतायचं.

या सगळ्यात शहर दिसतं ते रिक्षाच्या काचेतून. वाटेत एक मोठी कमान येते, रिक्षा तिला वळसा घालते आणि पुढे जाते. ती कमान कोणी बांधली, का बांधली, हे कोणी सांगत नाही. फार तर एखादा सेल्फी होतो आणि तो स्टेटसला लागतो.

या अडचणीवर एक सोपा उपाय आहे. दोन-तीन तास काढायचे, शहराची माहिती असलेला माणूस सोबत घ्यायचा आणि पायी फिरायचं. यालाच खासगी गाईडेड वॉकिंग टूर म्हणतात. हे फक्त परदेशी पाहुण्यांसाठी असतं असा अनेकांचा समज आहे, पण तो खरा नाही. या फेरीत काय मिळतं, ती कशी ठरवायची आणि गाईडला कोणते प्रश्न विचारायचे, हे संभाजीनगरच्या उदाहरणातून समजून घेऊ.

खासगी वॉक म्हणजे काय?

शहर पायी पाहण्याचे साधारण तीन प्रकार असतात.

पहिला, सार्वजनिक हेरिटेज वॉक. एखादी संस्था किंवा महापालिका वेळ आणि ठिकाण जाहीर करते आणि नाव नोंदवलेले सगळे एकत्र फिरतात. भारतातलं याचं गाजलेलं उदाहरण अहमदाबादचं आहे. तिथल्या महापालिकेने 19 नोव्हेंबर 1997 ला जुन्या शहरातली फेरी सुरू केली. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून पोळांमधून जामा मशिदीपर्यंत जायचं. पुढे 2017 मध्ये अहमदाबादला युनेस्कोच्या जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला. मुंबईत 1999 मध्ये आभा बहल आणि ब्रिंदा गाया या दोन वास्तुविशारदांनी ‘बॉम्बे हेरिटेज वॉक्स’ सुरू केलं. संभाजीनगरमध्येही इंटॅकसारख्या संस्था आणि इतिहासप्रेमी मंडळी अशा फेऱ्या काढत आली आहेत. 18 एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि 19 ते 25 नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह या काळात त्यांचं प्रमाण वाढतं.

दुसरा, एकाच स्मारकापुरता गाईड. तिकीट खिडकीजवळ तो भेटतो, अर्धा-पाऊण तास माहिती देतो आणि गेटवर परत सोडतो.

तिसरा, खासगी वॉक. इथे गाईड फक्त तुमच्या गटासाठी असतो. वेळ, वेग, भाषा आणि रस्ता तुमच्या सोयीने ठरतो. सोबत आजी असेल तर अंतर कमी करता येतं. शाळेतली मुलं असतील तर सनावळ्या कमी आणि गोष्टी जास्त सांगता येतात.

पैशांचं गणितही इथे वेगळं असतं. खासगी गाईडची फी सहसा पूर्ण गटामागे ठरते आणि ती अर्धा दिवस की पूर्ण दिवस, तसंच माणसं किती, यावर अवलंबून असते. त्यामुळे एकट्याला महाग वाटणारी फेरी पाच-सहा जणांत वाटली की आवाक्यात येते.

गुगल मॅप असताना गाईड कशाला?

मॅप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवतो. त्या दोन ठिकाणांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे मात्र तो सांगत नाही. संभाजीनगरसारख्या शहरात तर महत्त्वाच्या गोष्टी जमिनीखाली किंवा नावांमध्ये दडलेल्या आहेत.

भडकल गेटपासून सुरू होणारी एक सकाळ घेऊ. तिथून नौखंडा परिसर, पाणचक्की, मकाई गेट आणि बेगमपुरा करत बीबी का मकबऱ्यापर्यंत जाता येतं. थांबत थांबत गेलं तर तीनेक तास लागतात.

थांबा पहिला: भडकल गेट

या शहराची सुरुवात मलिक अंबरपासून होते. त्याचा जन्म 1548 च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात तो दख्खनमध्ये पोहोचला आणि इथे निजामशाहीचा सर्वात ताकदवान कारभारी बनला. 1610 मध्ये त्याने खडकी या गावाच्या जागी नवं शहर वसवलं. मुघलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून 1612 मध्ये भडकल दरवाजा उभारला. 1626 मध्ये त्याचं निधन झालं. त्याची कबर खुलताबादला आहे.

1626 मध्येच शहराला त्याचा मुलगा फतेहखानच्या नावावरून फतेहनगर म्हणू लागले. 1653 मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि शहराचं नाव औरंगाबाद झालं. 2023 मध्ये ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं.

भडकल गेटजवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. 14 एप्रिलला इथे मोठी गर्दी असते. गुलामीतून वर आलेल्या माणसाने बांधलेला दरवाजा आणि त्याच्या समोर बाबासाहेब. चांगला गाईड इथे दोन मिनिटं जास्त थांबतो.

थांबा दुसरा: जमिनीखालचं पाणी

नौखंडा परिसरात मलिक अंबरच्या महालाचे अवशेष होते. तिथून पुढे चालताना गाईडने एक प्रश्न विचारायला हवा: एवढ्या मोठ्या शहराला पाणी कुठून येत होतं?

उत्तर आहे नहर. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जमिनीत मुरलेलं पाणी दगडी बांधकामाच्या भूमिगत नाल्यांतून, फक्त उताराच्या जोरावर शहरात आणलं गेलं. मलिक अंबरने सुरू केलेल्या या योजनेला नहर-ए-अंबरी म्हणतात. वाटेत जागोजागी उंच मनोरे बांधले होते. त्यांना स्थानिक लोक ‘बंबे’ म्हणतात. नाल्यात अडकलेली हवा बाहेर काढणं आणि पाण्याचा दाब सांभाळणं हे त्यांचं काम. माहिती नसेल तर बंबा म्हणजे नुसता पडका खांब वाटतो.

पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. त्यांतलीच एक पाणचक्कीला पाणी पुरवायची. बाबा शाह मुसाफिर या बुखारा भागातून आलेल्या सूफी संताच्या दर्ग्याचा हा परिसर आहे. 1695 च्या सुमारास इथे पाण्यावर चालणारी चक्की बसवली गेली. नहरीचं पाणी उंच भिंतीवर चढवायचं, तिथून ते खाली पडायचं आणि त्या जोरावर जातं फिरायचं. दळलेलं पीठ दर्ग्यात राहणारे फकीर आणि विद्यार्थी यांच्या जेवणासाठी वापरलं जाई. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत आहे. म्हणून मे महिन्यातही ते दालन गार असतं.

चौसाळ्याचा माणूस इथे का थबकेल?

कारण हेच तंत्र त्याच्या रोजच्या रस्त्यावर आहे.

चौसाळ्याहून बीडला येताना शहराच्या अलीकडे खजाना विहीर लागते. मूर्तझा निजामशहाच्या काळात बीडची जहागीर सांभाळणाऱ्या सलाबतखानाने 1582 च्या सुमारास ती बांधून घेतली. राजा भास्कर हा तिचा स्थापत्यकार. विहिरीत भूमिगत बोगद्यांतून पाणी येतं आणि पुढे बोगद्यातूनच शेतीकडे जातं. बांधकामावर सगळा खजिना खर्च झाला म्हणून हे नाव पडलं, असं सांगितलं जातं.

म्हणजे मलिक अंबरने खडकी वसवण्याच्या जवळपास तीस वर्षं आधी, त्याच निजामशाहीत, बीडजवळ भूमिगत पाण्याची योजना उभी राहिली होती. दुष्काळाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातल्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही. शहरात पाणचक्की समजली की परतीच्या वाटेवर खजाना विहीर वेगळी दिसू लागते. चांगल्या वॉकचा खरा फायदा हाच असतो. शहर तर कळतंच, पण स्वतःचा परिसरही नव्याने कळतो.

थांबा तिसरा: मकाई गेट आणि नावांची गंमत

पाणचक्कीजवळच खाम नदीवर मकाई दरवाजा आहे. मकाई म्हणजे मक्केच्या दिशेचा, पश्चिमेकडचा. दिल्ली दरवाजातून दिल्लीची वाट जायची आणि पैठण दरवाजातून पैठणची. दरवाजांची नावं म्हणजे त्या काळातले दिशादर्शक बोर्डच.

हेच पुऱ्यांच्या नावांचं. मुघलांसोबत आलेल्या राजपूत सरदारांनी शहराभोवती आपापल्या वसाहती केल्या. नवरात्रातल्या देवीच्या यात्रेमुळे सगळ्यांना माहीत असलेलं कर्णपुरा हे बिकानेरच्या राजा करणसिंहाच्या नावावरून आहे, तर पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंह याच्या. त्याआधी मलिक अंबरच्या काळात मालोजी, विठोजी या मराठा सरदारांच्या नावानेही इथे पुरे होते. रिक्षावाल्याला रोज सांगितलं जाणारं नाव चारशे वर्षांचा इतिहास घेऊन फिरत असतं.

थांबा चौथा: बीबी का मकबरा

दिलरस बानू बेगम ही औरंगजेबाची पत्नी. 1657 मध्ये तिचं निधन झालं. तिच्या स्मरणार्थ हा मकबरा उभा राहिला. खालच्या भागात संगमरवर, त्याच्या वर घुमटाच्या पायापर्यंत काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा, मग घुमट पुन्हा संगमरवरी, अशी त्याची रचना आहे. जवळून पाहिलं की संगमरवर कुठे संपतो ते डोळ्यांना दिसतं. खर्चाचा आकडा 6 लाख 68 हजार रुपयांच्या वर सांगितला जातो. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने संगमरवराने लादलेल्या जवळपास 300 गाड्या या दिशेने जाताना पाहिल्याची नोंद केली आहे. त्यातल्या सगळ्यात लहान गाडीलाही 12 बैल जुंपलेले होते.

गाईड सांगतो ते सगळं खरं असतं का?

नाही. चांगल्या आणि साध्या गाईडमधला फरक इथेच कळतो. तीन उदाहरणं पाहा.

*‘मुलाने आईसाठी बांधलेला ताज.’* हे वाक्य मकबऱ्यात हमखास ऐकू येतं. पण मुलगा आझमशाह 1653 मध्ये जन्मला. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि 1660 च्या सुमारास, बांधकामाच्या काळात, सात वर्षांचा. त्यामुळे बांधकामाचा हुकूम औरंगजेबाचा असावा, हे जास्त पटतं. आझमशाहचं नाव नंतरच्या देखभालीमुळे जोडलं गेलं असावं, असं मानलं जातं.

*‘ताजमहालची स्वस्त नक्कल.’* साम्य तर आहेच. पण त्यामागे एक कारण आहे. मुख्य दरवाजावर अताउल्लाह आणि हंसपतराय अशी दोन नावं कोरलेली आहेत. अताउल्लाह हा ताजमहालाशी जोडलं जाणारं नाव, उस्ताद अहमद लाहोरी, याचा मुलगा. म्हणजे वडिलांची शैली मुलाने दख्खनमध्ये, कमी खर्चात आणि इथल्या दगडात आणली.

*‘52 दरवाजांचं शहर.’* ही शहराची ओळख आहे आणि लोक ती अभिमानाने सांगतात. पण यात मोठे दरवाजे, छोट्या खिडक्या आणि पुऱ्यांचे दरवाजे सगळे धरले जातात. 1682 मध्ये औरंगजेबाने शहराभोवती तट बांधला. त्यातला बराचसा आज नाही आणि अनेक दरवाजेही नाहीत. उरलेले मोजकेच आहेत.

गाईड चुकला तर भांडायची गरज नाही. एकच प्रश्न विचारायचा: “हे कशावरून?” जाणकार गाईड शिलालेख दाखवतो किंवा ‘ही दंतकथा आहे’ असं सरळ सांगतो. दंतकथाही ऐकाव्यात, फक्त ती दंतकथा आहे हे माहीत असावं.

वॉक राजा-राण्यांपुरताच का?

बहुतेक फेऱ्या मकबऱ्यात संपतात. पण तिथून जवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. विद्यापीठाची स्थापना 1958 ची. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून 1978 नंतर मराठवाड्यात मोठा संघर्ष झाला, माणसांचे जीव गेले, घरं जळाली. अखेर 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर हजारो लोक अभिवादनाला येतात. बाबासाहेबांनी 1950 मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालयही याच बाजूला आहे.

दरवाजांच्या शहरात हे गेटही एक स्मारकच आहे. बीड जिल्ह्यातल्या हजारो पोरांच्या डिग्रीवर या विद्यापीठाचं नाव आहे. खासगी वॉकमध्ये रस्ता तुम्ही ठरवता, त्यामुळे ‘विद्यापीठ गेटपर्यंत जाऊ’ असं गाईडला आधीच सांगता येतं.

गाईड ठरवताना काय पाहायचं?

* ओळखपत्र. केंद्रीय पर्यटन मंत्रालय गाईडना परवाने देतं. परवाना असलेल्या गाईडकडे फोटो असलेलं ओळखपत्र असतं. ते मागायला संकोच नको.
* भाषा. मराठीत सांगणारा गाईड हवा असेल तर आधीच स्पष्ट बोला. फोनवर पाच मिनिटं बोललं तरी अंदाज येतो.
* पैसे. फी किती, किती तासांची, किती माणसांसाठी आणि तिकीट-रिक्षा त्यात धरली आहे का, हे निघण्यापूर्वी मेसेजवर लिहून घ्या. तोंडी ठरलं की शेवटी वाद होतो.
* दुकानं. काही गाईड फेरीच्या नावाखाली हिमरू किंवा पैठणीच्या दुकानात नेतात आणि तिथून कमिशन घेतात. खरेदी करायची असेल तर हरकत नाही. नसेल तर ‘दुकान नको’ हे पहिल्यांदाच सांगा.
* रस्ता. दहा ठिकाणं धावत पाहण्यापेक्षा चार नीट पाहिलेली बरी. ‘सगळं शहर तीन तासांत’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

जाण्याआधीची तयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात जायचं असेल तर सकाळी सातला सुरुवात करून दहापर्यंत उरकावं. चौसाळ्याहून त्याच दिवशी निघून ही वेळ गाठणं अवघड आहे. त्यामुळे आदल्या रात्री शहरात मुक्काम असेल तेव्हाच सकाळची फेरी ठेवावी. दवाखान्याच्या किंवा कोर्टाच्या कामाला जोडून एक दिवस वाढवला तर प्रवासखर्च वेगळा होत नाही.

बीबी का मकबरा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तिथे तिकीट आहे, पण 15 वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो. याच सहलीत वेरूळ-अजिंठा जोडायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद.

दर्गा किंवा मशिदीत जाताना डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी सोबत ठेवा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी गर्दी असते, ती वेळ टाळा. जुन्या मोहल्ल्यांत लोक राहतात, ते प्रदर्शन नाही. घरांचे, बायकांचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. ज्येष्ठांसाठी पाणी आणि बसायच्या जागा कुठे आहेत, स्वच्छतागृह कुठे आहे, हे गाईडला सुरुवातीलाच विचारा.

आणि फेरी संपल्यावर भूक लागणारच. नान-खलिया ही इथली खास ओळख आहे.

यात नेमकं पणाला काय लागलंय?

स्मार्ट सिटी योजनेतून शहरातल्या काही दरवाजांची डागडुजी झाली. पण गेल्या काही दशकांत रस्तारुंदी आणि बांधकामांमध्ये दरवाजे, तट आणि नहरींचे भाग गेलेही. नहर जमिनीखाली असते. ती कुठून जाते हेच माहीत नसेल तर तिच्यावर पाया खोदला गेला तरी कोणाला काही वाटत नाही. ज्या बंब्याला लोक ‘पडका खांब’ म्हणतात, तो पाडताना कोणी आडवं येत नाही.

ज्या गोष्टी पाहायला लोक पैसे देऊन येतात, त्यांच्याकडे प्रशासनाचंही लक्ष राहतं आणि शेजारच्या चहावाल्याचंही.

यात रोजगारही आहे. पर्यटन मंत्रालयाने टुरिस्ट गाईडसाठी ऑनलाइन प्रशिक्षण आणि परीक्षेची सोय केली आहे. मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. बीडमध्ये खजाना विहीर आहे, बिंदुसरेकाठचं कंकालेश्वर मंदिर आहे, राजुरी वेस आहे. मराठीत नीट, खरं आणि रंगवून सांगणारा एखादा तरुण तिथेही फेरी सुरू करू शकतो.

तोवर पुढच्या वेळी संभाजीनगरला कामासाठी जाणं झालं, तर परतीची गाडी एका सकाळपुरती पुढे ढकलून पाहावी. भडकल गेटला रिक्षाने वळसा घालण्याऐवजी एकदा उतरून त्याच्या खालून पायी जावं.